कासवाच्या आधी त्याची पेटी

पाळीव प्राण्यांच्या दुकानात ‘सल्काटा’ म्हणून दाखवलं जाणारं कासवाचं पिल्लू तळहातावर सहज मावतं. वजन एखाद्या पेढ्याइतकं. हे कासव मूळचं आफ्रिकेतलं, सहाराच्या दक्षिणेला पसरलेल्या साहेल पट्ट्यातलं. गॅलापागोस आणि अल्दाब्राच्या महाकाय कासवांनंतर जमिनीवरच्या कासवांत आकाराने याचाच नंबर लागतो. पूर्ण वाढ झाली की 40-50 किलो, नर तर त्याहूनही मोठे, आणि आयुष्य 50 वर्षांच्या पुढे. म्हणूनच पिल्लू घरी आणण्याआधीची तयारी ही हौसेची शेवटची नाही, पहिली पायरी आहे.

सुरुवात कागदपत्रांपासून. काळ्या कवचावर पिवळ्या रेघांच्या चांदण्या दिसल्या तर ते आपल्याकडचं तारा कासव. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार ते विकणं आणि घरात ठेवणं, दोन्ही गुन्हे आहेत. वास्तुशास्त्राचं कारण तिथे चालत नाही. सल्काटा परदेशी असला, तरी आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या ‘साइट्स’ यादीत आहे. 2022 च्या कायदादुरुस्तीने अशा प्राण्यांची नोंद बंधनकारक झाली. त्याचे नियम 2024 मध्ये आले आणि ही नोंद केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर होते. ‘कागद नंतर देतो’ म्हणणाऱ्या दुकानातून सरळ बाहेर पडावं.

मग पेटी. काचेची टाकी दिसायला छान, पण पिल्लाला काच कळत नाही. ते दिवसभर तिच्यावर धडका देत राहतं. त्यापेक्षा अपारदर्शक प्लास्टिकचा रुंद टब बरा. तळाशी बोटभर ओलसर कोकोपीट, एका कोपऱ्यात लपायला उलटी ठेवलेली, दारापुरती फोडलेली कुंडी, आणि पिल्लाला सहज चढता-उतरता येईल अशी पाण्याची उथळ थाळी. एका टोकाला दिव्याखाली 35 अंशांच्या आसपास ऊब, दुसऱ्या टोकाला 27-28. आपल्याला हवी ती जागा पिल्लू स्वतः निवडतं. हे कासव शीतनिद्रा घेत नाही. पुण्या-नाशिकच्या जानेवारीत रात्री पेटी गार पडू द्यायची नाही, म्हणजे थर्मोस्टॅट लावलेला सिरॅमिक हीटर आलाच. ही सगळी मांडणी आठवडाभर रिकामी चालवून बघावी. पहाटेचं तापमान किती उतरतं, वीज गेल्यावर काय होतं, हे पिल्लू यायच्या आधीच कळलेलं बरं.

नवशिके सगळ्यात जास्त फसतात ते ओलाव्याच्या बाबतीत. वाळवंटाच्या कडेचा प्राणी, म्हणजे त्याला कोरडं लागणार, हा हिशेब वरवर बरोबर वाटतो. प्रत्यक्षात साहेलमधला सल्काटा दिवसाचा बराच वेळ जमिनीखालच्या बिळात काढतो, आणि तिथली हवा बाहेरच्यापेक्षा दमट असते. कोरड्या पेटीत वाढलेल्या पिल्लाच्या कवचावरचं प्रत्येक खवलं उंच होत जातं आणि पाठीवर टेंगळं उठतात. पाळणारे याला ‘पिरॅमिडिंग’ म्हणतात. पूर्वी याचा दोष प्रथिनांच्या अतिरेकाला दिला जाई. व्हिएन्नाच्या पशुवैद्यक विद्यापीठातल्या संशोधकांनी सल्काटाच्याच पिल्लांवर प्रयोग केला. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा, की टेंगळं येण्यात आहारातल्या प्रथिनांपेक्षा हवेतल्या कोरडेपणाचा वाटा कितीतरी मोठा असतो. एकदा आलेलं टेंगूळ जात नाही. त्यामुळे पहिली एक-दोन वर्षं पेटीवर झाकण, आत 80 टक्क्यांच्या आसपास आर्द्रता, ती मोजायला हायग्रोमीटर, आणि रोज पंधरा-वीस मिनिटं कोमट पाण्यात डुंबणं. पाणी हनुवटीच्या खालीच राहील इतपत. मात्र ओलावा आणि गारठा एकत्र आले की छातीचा विकार होतो, म्हणून ऊब आणि दमटपणा जोडीनेच सांभाळायचे.

उजेडाचीही एक गंमत आहे. खिडकीतून येणारं ऊन अंगावर पडलं तरी त्यातले यूव्हीबी किरण काचेने अडवलेले असतात. ते नसतील तर शरीरात ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम शोषलं जात नाही आणि कवच मऊ पडतं. म्हणून यूव्हीबीची नळी लावायची किंवा कोवळ्या उन्हात, अर्धी सावली ठेवून, थेट बाहेर न्यायचं. नजर मात्र हटवायची नाही. कावळ्याला हे पिल्लू म्हणजे आयता घास.

खाण्याचा प्रश्न आपल्याकडे सोपा आहे. हराळी, जास्वंदीची पानं-फुलं, तुतीची पानं, काटे काढलेला निवडुंगाचा फड, हे सगळं बारीक चिरून. फवारणी केलेलं नको. पालक रोजचा नको, फळं नकोत, पोळी-भात-दूध तर नकोच. कॅल्शियमसाठी काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा समुद्रफेन पेटीत ठेवला की पिल्लू हवा तेव्हा कुरतडतं. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्यासारखाच, पण वेगळा ठेवलेला, ग्रॅमचा काटा काढून वजन टिपायचं. वाढ थांबली, नाकातून बुडबुडे आले किंवा डोळे सुजले, की डॉक्टर. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर कासवं बघत नाहीत, तेव्हा बघणारा आधीच शोधून ठेवावा.

‘जोडी’ घेण्याचा मोह टाळावा. दोन पिल्लांत एक दुसऱ्याला दडपत राहतं आणि ते भांडण आपल्याला दिसतही नाही. कासवांच्या अंगावर साल्मोनेला हे जिवाणू असतात. याच कारणाने अमेरिकेने 1975 मध्ये चार इंचांहून लहान कवचाची कासवं विकायला बंदी घातली. हाताळल्यावर साबणाने हात, आणि पेटीची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नाहीत.

आता खर्च. यादीत पिल्लाची किंमत बहुधा सगळ्यात छोटी ठरते, आणि सगळ्यात मोठा आकडा रुपयांत नसतोच. दहा-बारा वर्षांनी हा प्राणी बिळं खणणार, कुंड्या उलथणार. त्याला अंगण लागेल आणि आपल्यानंतर त्याला सांभाळणारं कुणीतरी लागेल. तिसऱ्या मजल्यावरच्या वन-बीएचकेमध्ये या दोन्हींची सोय दिसत नसेल, तर पिल्लू न घेणं हाच शहाणपणा. नको झालेलं परदेशी कासव नदीत किंवा माळावर सोडून देणं हा काही मार्ग नाही.