मंत्राला प्रतिमंत्र

पत्त्यांच्या नेहमींच्या डावांत हुकमाची दुर्री परक्या रंगाच्या एक्क्यालाहि मारते. परंतु तो एक्का निदान खेळला तरी गेलेला असतो. प्रतिपक्षाची खेळी फळास येण्यापूर्वींच ती व्यर्थ करण्याचा अधिकार तेथें कोणत्याहि पत्त्यास नाहीं. तो अधिकार १९९३ सालीं अमेरिकेंत निघालेल्या 'मॅजिक: द गॅदरिंग' या खेळानें दिला. रिचर्ड गारफील्ड हे गणिती त्याचे जनक होत.

या खेळांत दोघे खेळाडू म्हणजे जणूं दोन मांत्रिक. प्रत्येकाच्या पदरीं आरंभीं २० प्राणगुण असतात. भूमीचे पत्ते मांडून 'माना' नांवाची शक्ति मिळवावयाची व ती खर्चून मंत्र योजावयाचे. पत्त्यांचे रंग पांच. त्यांपैकीं निषेधाची विद्या मुख्यतः निळ्या रंगाकडे आहे. 'काऊंटरस्पेल' हा तिचा मूळ पत्ता. निळ्या मानाचे दोन अंश दिले कीं प्रतिपक्षाचा कोणताहि सामान्य मंत्र, मग तो आठ अंशांचा कां असेना, रद्द होतो.

इतकें स्वस्त अस्त्र हातीं असतां निळा खेळाडू अजिंक्य कां होत नाहीं? पहिलें कारण वेळेचें. मंत्र एकदां सिद्ध होऊन त्यांतील प्राणी पटावर उतरला, कीं हा पत्ता निरुपयोगी. दुसरें कारण संयमाचें. प्रतिपक्षाच्या पाळींत दोन अंश शिल्लक हवेत, तर आपल्या पाळींत हात आखडावा लागतो. आणि प्रतिपक्ष स्वस्थ बसला, तर ती शक्ति फुकट जाते. तिसरें, प्रतिमंत्र हाहि मंत्रच असल्यानें त्याचाहि निषेध करतां येतो. १९९९ च्या नियमांपासून मंत्रांची चळत मानतात. ताटांच्या चळतींतील वरचें ताट आधीं उचलावें, तसा शेवटचा मंत्र आधीं फळतो. रामानें अग्निमंत्र टाकला, गोविंदानें तो अडविला, आणि रामानें त्या अडवणुकीवर पुन्हां प्रतिमंत्र योजला, तर गोविंदाचा निषेध आधीं नष्ट होतो व मूळ अग्नि पेट घेतो.

यांत मनाचाहि खेळ आहे. न वापरलेल्या दोन निळ्या भूमि नुसत्या दिसल्या तरी प्रतिपक्ष बिचकतो. हातांत तो पत्ता मुळींच नसला तरीहि! पुढें १९९६ सालीं 'फोर्स ऑफ विल' आला. पांच अंश द्यावे, किंवा एक प्राणगुण व हातांतील दुसरा निळा पत्ता कायमचा सोडावा, अशी त्याची अट. त्यामुळें शक्ति संपलेल्या खेळाडूसहि निषेध शक्य झाला. उलट २००६ सालच्या 'कॅन्सल'नें त्याच निषेधाला तीन अंश मागितले.

ज्याचा मंत्र अडतो त्याचा विरस होतो, हें खरें. तथापि असा अडसर नसता, तर अचूक जुळणी करणारा खेळाडू एकटाच खेळत राहता आणि दुसरा नुसता प्रेक्षक उरता. निषेधाच्या भयानें प्रत्येकास समोरच्याच्या मनाचा ठाव घ्यावा लागतो. आणि निषेध करणाऱ्यासहि कोणता मंत्र सोसावा व कोणता अडवावा, याचा विवेक करावा लागतो. अखेरीस डाव जिंकतो तो त्या विवेकावरच.