डिफरन्शियल इक्वेशन्स झेपतील का?

मी कॉलेजात गणित शिकवतो. नवं वर्ष सुरू झालं की एक प्रश्न हमखास येतो, ‘सर, मला डिफरन्शियल इक्वेशन्स झेपतील का?’ आणि पाठोपाठ बारावीचे गुण सांगितले जातात. पण नुसत्या गुणांवरून मला उत्तर देता येत नाही. का, ते आज पाहू.

मुळात हा विषय काय आहे? साध्या समीकरणात आपण एखादी संख्या शोधतो. इथे बदलाच्या वेगाचा नियम ठाऊक असतो आणि त्यावरून ती गोष्ट कशी बदलत गेली, हे शोधायचं असतं. चहाचंच उदाहरण घ्या. खोलीचं तापमान ३० अंश, कपातला चहा ९० अंश. पाच मिनिटांत तो ७० अंशांवर आला. आणखी पाच मिनिटांनी किती? पुष्कळजण चटकन ५० म्हणतात. पण न्यूटनच्या नियमानुसार निवण्याचा वेग चहा आणि खोली यांच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात असतो. फरक ६० चा ४० झाला, म्हणजे दोन तृतीयांश उरला. पुढच्या पाच मिनिटांत त्याचाही दोन तृतीयांशच उरेल, सुमारे २७. म्हणून चहा ५७ अंशांच्या आसपास असेल. इथे वेग आणि फरक यांचं नातं समजलं, तर विषयाचं दार उघडलं.

आता कागद-पेन घ्या, पुस्तक मिटा आणि स्वतःला चार प्रश्न विचारा.

पहिला, इंटिग्रेशन हाताने जमतं का? ‘एक्स गुणिले ई चा एक्सवा घात’ याचं करून पाहा. सीईटीत चार पर्याय समोर असतात. एकेका पर्यायाचं डिफरन्शिएशन करून उत्तर हुडकता येतं. इथे पर्याय नसतात. चांगले गुण मिळवलेली मुलंही अडखळतात, ती बहुधा इथेच.

दुसरा, लॉगमधून बाहेर पडता येतं का? ‘लॉग वाय बरोबर दोन टी अधिक सी’ यावरून वाय काढा. हा सी बेरजेत राहत नाही, स्थिरांक आता गुणाकारात येतो. ही एक पायरी चुकली की सगळं उत्तर चुकतं.

तिसरा, ‘एक्सचा वर्ग अधिक चार बरोबर शून्य’ याची उत्तरं सांगता येतात का? स्प्रिंगला टांगलेल्या वजनाची आंदोलनं मांडताना असंच वर्गसमीकरण येतं आणि त्याची उत्तरं काल्पनिक संख्या असतात.

चौथा, आलेलं उत्तर मूळ समीकरणात घालून ताळा करता येतो का?

चारही जमले तर खुशाल वर्गात बसा. इंटिग्रेशन अडलं, तर बारावीचं पुस्तक काढून महिनाभर रोज दहा गणितं सोडवा. लॉग किंवा काल्पनिक संख्या अडल्या, तर आठवडाभराची उजळणी बहुधा पुरते. पण डेरिव्हेटिव्ह म्हणजे बदलाचा वेग हेच मनात स्पष्ट नसेल, तर गणितं घोकण्यात अर्थ नाही. आधी ती कल्पना कुणाकडून तरी नीट समजून घ्या.

डिप्लोमा करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांनी तर ही परीक्षा जरूर घ्यावी. पदवीच्या पहिल्या वर्षाचं गणित त्यांच्या हातून सुटलेलं असतं आणि दुसऱ्या वर्षाचा शिक्षक ते येतं असं धरूनच चालतो. अशी हुशार मुलं पहिल्या चाचणीनंतर ‘गणित आपलं नाही’ म्हणून खचताना मी पाहिली आहेत. कमी पडलेली असते ती उजळणी, बुद्धी नव्हे.

पालकांनाही एक विनंती. मुलाला गुण विचारण्याआधी, कुठली पायरी अडते आहे, ते विचारा. आणि मुलांनो, पहिल्या तासाची वाट पाहू नका. हे चार प्रश्न आजच संध्याकाळी सोडवून पाहा. अर्धा तास पुरेल.