फ्रेडी मर्क्युरीची 'टॉप टेन' गाणी : यादी करायला बसलं की घोडं कुठं अडतं?

'क्वीन' बँडच्या कुठल्याही चाहत्याला सांगून बघा, फ्रेडी मर्क्युरीची सगळ्यात भारी दहा गाणी क्रमानं लिहून दे. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' झटकन लिहून होतं. दुसऱ्या नंबरला पेन थांबतं. दोन चाहते एकत्र बसले असतील तर पाचव्या नंबरापर्यंत वाद ठरलेलाच. असं का होतं, ते जरा समजून घेऊ.

फ्रेडी तसा आपल्याला परका नाही. १९४६ मध्ये झांझिबारला पारशी घरात जन्मलेला हा फारुख बलसारा शाळेला होता पाचगणीत. वाईवरून पसरणीचा घाट चढलं की येतं तेच पाचगणी. तिथल्या सेंट पीटर्स शाळेतच 'द हेक्टिक्स' या पोरांच्या बँडमध्ये तो पियानो वाजवायचा.

गाणं नक्की कुणाचं?

पहिली अडचण हीच. क्वीनमध्ये चौघंही गाणी लिहायचे. 'वी विल रॉक यू' गिटारवाल्या ब्रायन मेचं. 'अनदर वन बाइट्स द डस्ट' बेस वाजवणाऱ्या जॉन डीकनचं. 'रेडिओ गा गा' ड्रमर रॉजर टेलरचं. 'समबडी टू लव्ह', 'वी आर द चॅम्पियन्स', 'डोन्ट स्टॉप मी नाऊ' ही मात्र फ्रेडीनं स्वतः लिहिलेली. या सगळ्यांत मुख्य आवाज फ्रेडीचाच.

आपण 'लताबाईंचं गाणं' म्हणतो तेव्हा गीतकार, संगीतकार वेगळे असतात आणि ते कुणाला खटकत नाही. रॉकमध्ये मात्र गाणारा स्वतः लिहितो, असं चाहते धरून चालतात. त्यामुळं दुसऱ्यानं लिहिलेलं गाणं फ्रेडीच्या यादीत घ्यायचं की नाही, इथंच पहिला फाटा फुटतो.

नंबरावर जावं तर?

'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' ५ मिनिटं ५५ सेकंदांचं. १९७५-७६ मध्ये ब्रिटनमध्ये सलग ९ आठवडे पहिलं होतं. पण अमेरिकेत ते कधीच पहिलं आलं नाही. तिथं क्वीनची दोनच गाणी पहिल्या नंबरावर गेली, दोन्ही १९८० मध्ये : फ्रेडीचं 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह' आणि डीकनचं 'अनदर वन'. उलट आज जिथं तिथं वाजणारं 'डोन्ट स्टॉप मी नाऊ' १९७९ मध्ये ब्रिटनमध्ये नवव्या नंबरावरच थांबलं होतं. म्हणजे हेही माप पक्कं नाही.

रेकॉर्ड की स्टेज?

१३ जुलै १९८५. लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर 'लाइव्ह एड'चा कार्यक्रम. क्वीनच्या वाट्याला जेमतेम वीस मिनिटं. त्यात 'रेडिओ गा गा'ला अख्खं स्टेडियम हात वर करून एका ठेक्यात टाळ्या देतंय. ते बघितलेला माणूस हे गाणं वर घेणार. फक्त रेकॉर्ड ऐकलेला कदाचित दहातही घेणार नाही.

शेवटची गाणी

सगळ्यात अवघड प्रश्न इथं येतो. १९९१ च्या 'इन्युएन्डो' अल्बमच्या वेळी फ्रेडी एड्सनं खंगला होता. त्यातलं 'द शो मस्ट गो ऑन' बरंचसं ब्रायन मेनं रचलेलं, पण गायलं फ्रेडीनं, त्या अवस्थेत, संपूर्ण ताकदीनं. २४ नोव्हेंबर १९९१ ला तो गेला. वय ४५.

'त्यानंच लिहिलेलं हवं' हा नियम लावला, तर हे गाणं यादीतून जातं. कुठल्या चाहत्याला ते पटेल? खुद्द बँडनंही १९८९ च्या 'द मिरॅकल'पासून सगळी गाणी चौघांच्या नावावर टाकली होती. कुणाचं किती, हा हिशेब त्यांनीच मिटवला होता.

मग करायचं काय? यादीच्या आधी माप लिहा : लिहिणारा फ्रेडी, गाणारा फ्रेडी, की स्टेजवरचा फ्रेडी. आमच्या मते पहिल्या यादीत 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' वर, दुसऱ्या यादीत 'द शो मस्ट गो ऑन', आणि तिसऱ्या यादीत 'रेडिओ गा गा'. तुमचा क्रम वेगळा असेल, तर तो कुठल्या मापानं लावलाय, तेवढं आधी सांगा. मग खुशाल भांडू.