‘विसरतो’ म्हणणारा रुग्ण आणि मनाचे एकसंध प्रारूप

‘वैद्यराज, हल्ली काही लक्षात राहत नाही, ब्राह्मी द्या,’ असे म्हणणारा रुग्ण आपणा सर्वांकडे येतो. औषधी दुकानात तर तो चिठ्ठीविनाच येतो. अशाच साठीतील एका गृहस्थांना मी तीन महिने मेध्य रसायन दिले. उपशय मिळाला नाही. पुढे कर्णपरीक्षेत श्रवणशक्ती बरीच घटल्याचे आढळले. जे नीट ऐकूच आले नाही, ते स्मरणार कसे? स्मृती ही सुटी वस्तू मानून मी उपचार केले, ही माझी चूक.

अशीच एकांगी दृष्टी मानसशास्त्रातही आहे, असे अमेरिकी शास्त्रज्ञ अ‍ॅलन न्यूएल यांनी १९७३ साली बजावले होते. स्मृती, अवधान, दृष्टी यांवर सुटे प्रयोग कितीही केले, तरी त्यांच्या बेरजेतून मन उभे राहत नाही. या सर्वांना एकत्र चालविणारी रचनाच मांडली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. १९९० च्या ग्रंथात त्यांनी ‘सोअर’ ही संगणकीय रचना त्यासाठी पुढे ठेवली. जॉन अँडरसन यांची ‘अ‍ॅक्ट-आर’ ही याच विचाराची दुसरी प्रसिद्ध रचना.

‘अ‍ॅक्ट-आर’मध्ये दर्शन, श्रवण, हस्तक्रिया, उद्दिष्ट व स्मृती यांची केंद्रे समांतर चालतात, परंतु प्रत्येक केंद्र एका वेळी एकच घटक पुढे ठेवते. त्यांवरून ‘असे असेल तर असे करावे’ या स्वरूपाचा एकच नियम सुमारे ५० मिलिसेकंदांत लागू होतो. स्मृतीचे बळ वापराने वाढते, काळाने क्षीण होते. एक दुवा ढासळला की दोष दुसरीकडेच दिसतो.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात अणुत्व व एकत्व हे मनाचे गुण सांगितले आहेत. ज्ञानासाठी आत्मा, इंद्रिये, मन व अर्थ यांचा सन्निकर्षही आवश्यक मानला आहे. साम्य पाहून ‘हे आमच्याकडे होतेच’ असे म्हणण्याचा मोह होतो. तो टाळावा. त्या प्रारूपांत आत्म्यास स्थान नाही. उलट त्यांची भाकिते प्रयोगाने मोजता येतात व खोटीही ठरू शकतात. ती शिस्त आपण घेण्याजोगी आहे.

म्हणून विस्मृतीची तक्रार येताच क्रमाने विचारावे: इंद्रिये ठीक आहेत काय? निद्रानाश, चिंता वा विषाद यांमुळे अवधान ढळते काय? नवे साठत नाही, की साठलेले वेळेवर आठवत नाही? थायरॉइड, बी-१२ आणि चालू औषधे तपासावीत. नित्याचे व्यवहार बिघडत असल्यास मेंदुविकारतज्ज्ञांकडे पाठविण्यास विलंब करू नये. औषधविक्रेत्या बंधूंनीही बाटली देण्यापूर्वी एवढे विचारावे, ‘ऐकू नीट येते ना? झोप लागते ना?’

रसायनाचे मोल याने उणावत नाही. ते योग्य जागी पोहोचते.