कुंडीतील वनौषधी थंडीत आत घेण्यापूर्वी

नागपूरचा उन्हाळा सर्वश्रुत आहे. येथील थंडीकडे मात्र व्यवसायबंधूंचे सहसा लक्ष जात नाही. २९ डिसेंबर २०१८ रोजी शहराचे किमान तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरले होते. अशा रात्री तुळस, नागवेल, पिंपळी यांची पाने काळवंडतात. म्हणून धंतोलीतील आमच्या चिकित्सालयाच्या गच्चीवरील कुंड्या आम्ही मार्गशीर्षात आत घेतो.

काही वर्षांपूर्वी त्या न तपासताच आत घेतल्या. अडुळशावरील पिठ्या ढेकूण पंधरा-वीस दिवसांत शेजारच्या कोरफडीच्या बेचक्यात पोचला. मदतनिसाने आम्हांस न विचारता सर्वच कुंड्यांवर बाजारातील कीटकनाशक फवारले, आणि दुसऱ्या दिवशी एका मातेने लेकराच्या खोकल्यासाठी तुळशीची पाने मागितली. पाने खुडण्यापूर्वी वास आला, म्हणून निभावले.

औषधी द्रव्य कृमी व विष या दोहोंनी दूषित नसावे, असे सुश्रुतांनी सूत्रस्थानात द्रव्यसंग्रहाच्या संदर्भात सांगितले आहे. आमच्या कुंड्यांत एकाच्या निवारणार्थ दुसरे आले होते!

बाहेर वारा, पाऊस व ढालकिडे किडीस आवर घालतात. बंद, उबदार व कोरड्या खोलीत हा आवर राहत नाही. लाल कोळी तर कोरड्या हवेतच फोफावतो. तो डोळ्यांस सहज दिसत नाही. पांढऱ्या कागदावर फांदी झटकावी. ठिपके चालू लागले तर तो आहे असे समजावे. पिठ्या ढेकूण पानांच्या बगलेत कापसासारखा दिसतो, तर खवले कीड देठावर पुटकुळीसारखी चिकटून असते. कुंडीवर मुंग्यांची रांग दिसल्यास वर मावा वा पिठ्या शोधावा, कारण मुंग्या त्यांच्या गोड स्रावासाठी येतात. त्याच स्रावावर काळी बुरशी धरते. संत्र्याच्या या प्रदेशात कोळशी म्हणजे काय, हे सांगावयास नको. कुंडीच्या तळाचे छिद्रही पाहावे.

कीड थोडी असल्यास चिकित्सालयातील स्पिरिटमध्ये भिजविलेल्या बोळ्याने ती टिपून घ्यावी. अधिक असल्यास एक लिटर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचे तेल थोड्या साबणाच्या पाण्यात घोळून मिसळावे व सायंकाळी पानांच्या खालच्या बाजूस फवारावे. अंड्यांतून नवी पिल्ले निघतात, म्हणून सात-सात दिवसांनी आणखी दोनदा फवारावे. कुंड्या त्यानंतरही दोन आठवडे निराळ्या ठेवाव्यात. वृंदावनातील तुळस हलविता येत नाही. तिच्यावर रात्री जुने धोतर पांघरावे.

औषधविक्रेत्यांनी दुकानाच्या दारातील कुंड्यांबाबतही हेच करावे. फवारलेल्या कुंडीस आम्ही दिनांकाची चिठ्ठी बांधतो आणि ती सुटेपर्यंत तिचे एकही पान कोणास देत नाही.