वस्त्रदान आणि स्वाभिमान

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या तीन मूलभूत गरजा होत, असे आपण शाळेत शिकलो. यांपैकी अन्नदानाची प्रथा आपल्या समाजात चांगली रुजली आहे. १४ एप्रिलला चौकाचौकांत भोजनदान होते, पाण्याचे आणि सरबताचे वाटप होते. मात्र वापरलेल्या कपड्यांची गोष्ट निघाली की देणारा अडखळतो आणि घेणारा मान खाली घालतो. दुसऱ्याने वाढलेली खीर आपण आनंदाने खातो. पण दुसऱ्याच्या अंगावरचा सदरा आपल्या अंगावर आला तर ते कोणाला कळू नये असे वाटते. असे का व्हावे? आणि चांगले कपडे घालून मिरवण्याचा आनंद आपल्या वस्तीतील प्रत्येकाला मिळावा, यासाठी जुन्या कपड्यांची देवघेव मानाने करता येईल काय? या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकोचाचे मूळ

हा संकोच निष्कारण नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतांची वस्त्रे वापरावीत, फुटक्या भांड्यांत जेवावे आणि लोखंडाचे दागिने घालावेत, असा दंडक आहे. तो ग्रंथातच राहिला नाही. महाराष्ट्रातील खेड्यांत महारकीच्या कामाबद्दल 'हक्क' म्हणून जे पदरात पडे, त्यात मेलेली जनावरे, शिळ्या भाकरी आणि प्रेतावरचे कापडही असे. नवे कापड घेण्याची ऐपत नव्हती, आणि कोणी घेतलेच तर ते गावाला खपत नसे. लुगडे कसे नेसावे, दागिना कोणत्या धातूचा घालावा, हेही गावच ठरवी. पाहताक्षणी जात ओळखता यावी, हा त्यामागचा हेतू होता. म्हणून 'उतरण' हा शब्द ऐकताच आपल्या आजी-आजोबांना संताप येई, आणि तो रास्तच होता.

महाडचा उपदेश

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेच्या दिवसांत, २७ डिसेंबरला, परमपूज्य बाबासाहेबांनी स्त्रियांच्या सभेत भाषण केले. त्यातील वस्त्राविषयीचे सांगणे थोडक्यात असे : स्वतःला अस्पृश्य समजू नका, स्पृश्य स्त्रिया नेसतात तसे लुगडे नेसा, वस्त्राला ठिगळे असली तरी हरकत नाही, पण ते स्वच्छ असले पाहिजे, कोणते वस्त्र ल्यावे आणि दागिना कोणत्या धातूचा घालावा, यावर बंदी घालण्याचा अधिकार कोणालाही नाही. या उपदेशाचा परिणाम तात्काळ झाला. स्त्रियांनी लुगडे नेसण्याची पद्धत तेथेच बदलली, आणि नवी पद्धत शिकविण्यास चित्रे व टिपणीस या सवर्ण कुटुंबांतील स्त्रिया पुढे आल्या.

या उपदेशाकडे बारकाईने पाहिले पाहिजे. 'नवीन वस्त्रे विकत घ्या' असे बाबासाहेबांनी सांगितले नाही. समोर बसलेल्या भगिनींची परिस्थिती ते जाणून होते. ठिगळ चालेल, अस्वच्छता चालणार नाही आणि सक्ती तर मुळीच चालणार नाही, असे त्यांच्या सांगण्याचे सार आहे. म्हणजे वस्त्र जुने असण्यात कमीपणा नाही. ते कोणी आपल्यावर लादले की आपण निवडले, यावर त्याचा मान ठरतो.

नटणे ही चैन नव्हे

स्वतः बाबासाहेब नेहमी नीटनेटक्या पोशाखात असत. त्यांचा सूट आणि टाय हे आपल्या पुतळ्यांतून गावोगाव पोचलेले आहेत. माता रमाईंविषयी एक आठवण कथांतून व भीमगीतांतून सांगितली जाते. बाबासाहेब विलायतेहून परतले तेव्हा स्वागताला जाण्यासाठी रमाईंजवळ धड लुगडे नव्हते. बाबासाहेबांना सत्कारात मिळालेला भरजरी फेटा त्या लुगड्यासारखा नेसल्या आणि गर्दीत जाऊन उभ्या राहिल्या. एका प्रसंगाचे वस्त्र दुसऱ्या प्रसंगाला, एकाचे दुसऱ्याला. आपल्या आयाबाया ही आठवण सांगताना डोळ्यांत पाणी आणतात. पण त्या माऊलीला त्या दिवशी नटावेसे वाटले होते, हेही विसरू नये.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर पांढऱ्या वस्त्रांचा सागर लोटला होता. बाबासाहेबांनीही पांढरे रेशमी धोतर आणि पांढरा कोट परिधान केला होता. मोलमजुरी करणारी माणसे त्या दिवशी शुभ्र वस्त्रांत एकसारखी दिसली. कोण कोणत्या गावचा, कोणाची पोटजात कोणती, हे कपड्यांवरून सांगता येत नव्हते. मनुस्मृतीने वस्त्रातून भेद दाखविला होता. येथे तो वस्त्रातूनच पुसला गेला.

आजही १४ एप्रिलला पिंपरीच्या आंबेडकर चौकात पाहावे. पांढऱ्या साड्या, निळे फेटे, कडक इस्त्रीचे सदरे, लहान मुलींची झालरीची फ्रॉके. वर्षभर कारखान्याच्या गणवेशात किंवा धुण्याभांड्यांच्या कामात असणारी माणसे त्या दिवशी आरशासमोर थोडा अधिक वेळ उभी राहतात. यात उधळपट्टी पाहणाऱ्यांना आपला इतिहास कळलेला नाही.

चीवराची कथा

आता आपल्या धम्माकडे वळू. भगवान बुद्धांच्या संघात भिक्खूंचे चीवर सुरुवातीला पांसुकूल असे, म्हणजे स्मशानात किंवा उकिरड्यावर टाकून दिलेल्या चिंध्या वेचून, धुऊन, रंगवून आणि शिवून तयार केलेले. गावकीने ज्या प्रेतवस्त्राला हीनतेची खूण केले, तेच वस्त्र राजकुमारांनी आणि ब्राह्मण कुळांतून आलेल्या भिक्खूंनी स्वेच्छेने अंगावर घेतले. कापड एकच, पण सक्तीने मिळाले तेव्हा तो अपमान झाला, आणि समजून-उमजून स्वीकारले तेव्हा ते चीवर झाले.

विनयपिटकातील महावग्गात पुढची हकिकत आहे. जीवक वैद्याला अवंतीच्या राजाकडून उंची वस्त्रजोडी मिळाली. ती त्याने बुद्धांना अर्पण केली आणि गृहस्थांनी दिलेली वस्त्रे घेण्याची मोकळीक संघाला द्यावी, अशी विनंती केली. बुद्धांनी ती मान्य केली. ज्याला हवे त्याने पांसुकूल वापरावे, ज्याला हवे त्याने गृहस्थांचे दान घ्यावे. जे मिळेल त्यात समाधान मानावे, असे त्यांनी सांगितले. ही वार्ता पसरताच राजगृहाच्या लोकांनी आनंदाने चीवरांचा वर्षाव केला.

मग व्यवस्थेचा प्रश्न आला. चीवरे स्वीकारणारा, ती सांभाळून ठेवणारा आणि वाटणारा असे स्वतंत्र भिक्खू नेमण्यात आले. आवड, द्वेष, मोह आणि भय यांच्या आहारी न जाणारा आणि आपल्या कामाची बारकाईने माहिती ठेवणारा भिक्खूच या कामास योग्य, अशी अट होती. वाटपापूर्वी चीवरे निवडावीत, त्यांचा अंदाज घ्यावा, चांगली व साधी एकत्र करून सारखे वाटे करावेत, असाही नियम होता. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही वस्त्रवाटपाची नियमावली आजच्या कोणत्याही मंडळाने भिंतीवर लावावी अशी आहे.

आनंद भंतेंची कथाही उद्बोधक आहे. राजा उदेनाच्या राण्यांनी त्यांना पाचशे चीवरे दिली. इतक्या चीवरांचे काय करणार, असे राजाने विचारले. ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्या भिक्खूंना देईन, असे आनंदांनी उत्तर दिले. मग त्या जीर्ण चीवरांचे काय? त्यांची आच्छादने होतील. जुन्या आच्छादनांच्या बिछान्याच्या खोळी, खोळींची बैठकीची आसने, आसनांची पायपुसणी, पायपुसण्यांची फडकी. आणि शेवटी फडक्यांचे तुकडे चिखलात कालवून जमीन सारवली जाईल. राजा संतुष्ट झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

आपल्या घरातील परंपरा

हे सर्व आपल्याला परके नाही. बाळ जन्मले की त्याला पहिल्या दिवसांत नवे कापड घालत नाहीत. आईच्या जुन्या सुती पातळाचे दुपटे, नात्यातल्या धडधाकट मुलाची मऊ झालेली झबली आणतात. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांचे पहिले वस्त्र दुसऱ्याचे वापरलेलेच होते आणि त्याची लाज कोणालाही वाटली नाही. आजीच्या नऊवारी लुगड्यांचे थर एकावर एक घालून गोधडी शिवली जाते. थोरल्या बहिणीचा परकर धाकटीला, जावेचा शालू नणंदेच्या मुलीला असा प्रवास घरोघर चालतो. दारावर बोहारीण येते, जुने कपडे घेऊन स्टीलचे पातेले देते, आणि ते कपडे धुऊन, डागडुजी होऊन पुन्हा जुन्या बाजारात विकले जातात. नात्यात आणि व्यवहारात जे सहज होते, ते समाजाच्या कामात अवघड का व्हावे? नात्यात आपलेपणा असतो आणि व्यवहारात बरोबरी असते. उपकाराच्या दानात या दोन्ही गोष्टी नसतात. तेथे फक्त फोटो असतो.

उद्योगनगरीची गरज

आपल्या भागाला याची गरज विशेष आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला जवळच देहूरोडला बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. पुढे औद्योगिक वसाहत वाढली. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाडा, सोलापूर, नगरकडची कुटुंबे कामाच्या शोधात आली. आता कारखाने चाकण, महाळुंगे, खेडपर्यंत पसरले आहेत. तेथे कंत्राटी काम करणारी तरुण मुले एकेका खोलीत चार-पाच जण राहतात. एखादी पिशवी घेऊन आलेल्या मुलाला मुलाखतीला जाण्यासाठी बऱ्यापैकी शर्ट-पँट लागते, हिवाळ्यात रात्रपाळीसाठी स्वेटर लागतो. जूनमध्ये शाळेचा गणवेश, लग्नसराईत चांगली साडी, जयंतीला पांढरे कपडे लागतात. पांढरी साडी नाही म्हणून एखादी भगिनी वंदनेला आली नाही, तर ते तिचे नव्हे, आपल्या सर्वांचे उणे आहे.

काम कसे चालवावे

दिल्लीच्या 'गूंज' या संस्थेचे उदाहरण उपयोगी पडेल. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये ती सुरू केली. २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत दानाच्या कपड्यांचे ढीग रस्त्यावर पडून होते, कारण ते लोकांच्या उपयोगाचे नव्हते. या संस्थेने ते निवडून कामी लावले. खेड्यांत तर गावकरी विहीर, रस्ता, बांध यांचे काम करतात आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे घेतात. भिक्षा म्हणून नव्हे. महाराष्ट्रातही अनेक शहरांत 'माणुसकीची भिंत' उभारण्यात आली : नको असेल ते ठेवून जा, हवे असेल ते घेऊन जा.

आपल्या विहारातही एक कपाट, दांडी आणि मोठा आरसा एवढ्या सामग्रीवर वस्त्रालय सुरू करता येईल. त्यासाठी काही पथ्ये पाळावीत.

१. कपडे धुऊन, इस्त्री करूनच स्वीकारावेत. तुटलेले बटण, बिघडलेली चेन, उसवलेली शिवण आधी दुरुस्त करावी. वस्तीत शिवणकाम करणाऱ्या भगिनींना या कामाचे पैसे द्यावेत.

२. जे आपण स्वतः घालून बाहेर जाणार नाही, ते दुसऱ्याला देऊ नये. वापरलेली अंतर्वस्त्रे घेऊच नयेत.

३. कंपनीच्या गणवेशावरील नाव व बोधचिन्ह काढल्याशिवाय तो पुढे देऊ नये. गैरवापर झाल्यास निष्पाप कामगार अडचणीत येतो.

४. मापाप्रमाणे कपडे लावून ठेवावेत. घेणाऱ्याने स्वतः पाहावे, अंगाला लावावे, नको असेल तर परत ठेवावे. हातात गाठोडे कोंबू नये.

५. व्यासपीठावर बोलावून वाटप करू नये, छायाचित्रे काढू नयेत.

६. लग्नाचा शालू, शेरवानी, कोट अशी एक-दोनदाच लागणारी वस्त्रे वापरून, धुऊन परत करण्याच्या बोलीवर सर्वांसाठी ठेवावीत. कार्यकारिणीच्या सदस्यांनीही तीच वापरावीत. पदाधिकाऱ्याच्या मुलाने वस्त्रालयातील शेरवानी घातली की बाकीच्यांचा संकोच आपोआप जाईल.

७. वही ठेवावी, पण तिच्यात किती कपडे आले आणि गेले एवढेच लिहावे, घेणाऱ्याचे नाव लिहू नये.

जे कपडे अंगावर घालण्याजोगे नाहीत, त्यांचीही आनंद भंतेंच्या क्रमाने सोय लावावी. सुती साड्यांच्या गोधड्या व पिशव्या शिवाव्यात. उरलेल्या सुती चिंध्यांना भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये यंत्रे पुसण्यासाठी मागणी असते. तेथे त्या किलोवर विकत घेतात. त्या पैशात सुई-दोऱ्याचा खर्च निघू शकेल. लोकरीचे जुने कपडे हरियाणातील पानिपतला जातात आणि त्यांच्या धाग्यांतून ब्लँकेटे तयार होतात.

यात आणखी एक हिशेब आहे. सुती टी-शर्टसाठी कापूस पिकविण्यापासून शिवण्यापर्यंत सुमारे २७०० लिटर पाणी लागते, असा अंदाज आहे. हा कापूस पिकविणारे विदर्भ-मराठवाड्यातील शेतकरी आणि शेतमजूर यांत आपलेच आप्त आहेत. त्यांच्या घामाचे कापड दोनदा वापरून फेकून देणे योग्य नव्हे. कृत्रिम धाग्यांचे कापड तर वर्षानुवर्षे कुजतही नाही.

वर्षावासाच्या शेवटी उपासक-उपासिका भिक्खुसंघाला कठिन चीवरदान करतात. त्याच दिवशी आपल्या वस्तीसाठीही हे वस्त्रालय उघडता येईल. मंडळाच्या अध्यक्षांनी आणि महिला आघाडीच्या भगिनींनी पहिला कपडा ठेवावा आणि पहिला कपडा घ्यावाही. म्हणजे पुढच्या १४ एप्रिलच्या सकाळी पिंपरीच्या चौकात शुभ्र वस्त्रांत अभिवादनाला जाताना कोणाची साडी दुकानातली आणि कोणाची विहारातली, हे विचारण्याचे कोणाला कारणच उरणार नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!