विश्लेषण : घरच्या मैदानावरचा आवाज हरवतो कुठे? आणि परत येतो कसा?

प्रीमियर लीगचा सामना दूरचित्रवाणीवर पाहताना एक विसंगती कानाला खटकते. पन्नास-साठ हजार यजमान प्रेक्षक शांत बसलेले असतात आणि एका कोपऱ्यातले तीनेक हजार पाहुणे मात्र सामनाभर गात असतात. जगातील सर्वांत श्रीमंत फुटबॉल लीगला ही शांतता गेली काही वर्षे सतावते आहे. ती घालवण्यासाठी क्लबांनी ढोल, झेंडे, खास स्टँड आणि नव्या गाण्यांपर्यंत बरेच प्रयोग केले. त्यांतले काही साधले, काही फसले. हा आवाज मुळात विरला का आणि तो परत आणण्यासाठी काय करावे लागते, याचा हा आढावा.

प्रेक्षकांच्या आवाजाने निकाल बदलतो का?

घरच्या मैदानाचा फायदा ही फुटबॉलमधील जुनी समजूत आहे. त्यात ओळखीचे मैदान, प्रवासाचा वाचलेला शीण आणि प्रेक्षक अशी अनेक कारणे मिसळलेली असतात. यांतला प्रेक्षकांचा वाटा मोजण्याची संधी करोनाकाळाने दिली. मे २०२०मध्ये जर्मनीतील बुंडेसलिगा रिकाम्या मैदानांवर पुन्हा सुरू झाली आणि इतर देशांनी तोच मार्ग धरला. इंग्लंडमध्ये २०२०-२१चा मोसम जवळपास पूर्णपणे प्रेक्षकांविना झाला. त्या मोसमात यजमानांपेक्षा पाहुण्या संघांनी अधिक सामने जिंकले. इंग्लंडच्या अव्वल श्रेणीच्या इतिहासात असे पहिल्यांदाच घडले. त्या काळातील सामन्यांवर झालेल्या अनेक अभ्यासांत पाहुण्या संघांना मिळणाऱ्या पिवळ्या कार्डांचे प्रमाणही घटल्याचे दिसले.

म्हणजे आवाजाचा परिणाम केवळ खेळाडूंवर होत नाही, तो पंचांवरही होतो. याचा अंदाज आधीही आला होता. २००२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात ४० प्रशिक्षित पंचांना लिव्हरपूल आणि लेस्टर यांच्यातील सामन्यातल्या ४७ झटापटींचे चित्रीकरण दाखवण्यात आले. काहींना ते प्रेक्षकांच्या आवाजासह दाखवले, तर काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्या पंचांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले. हे पंच पक्षपाती नव्हते. संशयाच्या क्षणी मात्र गर्दीचा हुंकार त्यांच्या मनाला किंचित एका बाजूला झुकवत होता.

इंग्लंडमधील मैदाने शांत का झाली?

या प्रश्नाचे उत्तर एका दुर्घटनेपर्यंत जाते. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यातील एफए चषकाच्या उपांत्य सामन्यात लोखंडी कुंपणामागे उभ्या असलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी झाली. मृतांची अंतिम संख्या ९७ झाली. लॉर्ड जस्टिस टेलर यांनी चौकशीत पोलिसांच्या नियंत्रणातील अपयशावर मुख्य बोट ठेवले. तसेच १९९०च्या अंतिम अहवालात मोठ्या मैदानांवर प्रत्येक प्रेक्षकाला आसन देण्याची शिफारस केली. १९९४-९५च्या मोसमापर्यंत वरच्या दोन श्रेणींतील बहुतेक मैदानांवरचे उभे राहण्याचे स्टँड गेले. लिव्हरपूलच्या ‘कॉप’ स्टँडमध्ये एकेकाळी २५ हजारांहून अधिक लोक उभे राहत. आसने आल्यावर तिथे १२ हजारांच्या आसपास जागा उरल्या.

मैदाने निःसंशय सुरक्षित झाली. मात्र त्या बदलात आणखी एक गोष्ट गेली. उभ्या स्टँडमध्ये कोणी कुठे उभे राहायचे हे ठरलेले नसे. गाणारे आपोआप गोलपोस्टमागे जमत, शांतपणे सामना पाहू इच्छिणारे कडेला सरकत. क्रमांकाच्या आसनांनी हे बंद केले. गाणारी माणसे मैदानभर विखुरली गेली. शेजारी अनोळखी माणूस बसलेला असताना एकट्याने गाणे सुरू करायला फार धीर लागतो.

तिकिटाच्या किमतीचा यात काय संबंध?

नव्या आसनांचा आणि नव्या स्टँडचा खर्च तिकिटातून वसूल होऊ लागला. १९९२मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली, प्रक्षेपणाचा पैसा आला आणि मैदानावरचा प्रेक्षक बदलत गेला. शाळा सुटल्यावर मित्रांसह स्टँडमध्ये घुसणारा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा दर मोसमाला कमी होत गेला. त्याच्या जागी मध्यमवयीन पासधारक, पर्यटक आणि कंपन्यांचे पाहुणे आले. नोव्हेंबर २०००मध्ये मँचेस्टर युनायटेडचा तेव्हाचा कर्णधार रॉय कीन याने घरच्याच प्रेक्षकांवर तोफ डागली. कोळंबीची सँडविचेस खाणाऱ्यांना मैदानावर काय चालले आहे हे कळत नाही, असा त्याच्या टीकेचा रोख होता. तेव्हापासून ‘प्रॉन सँडविच’ हा इंग्लिश फुटबॉलमध्ये टोमणाच होऊन बसला.

तिकिटाचा आणि आवाजाचा संबंध फेब्रुवारी २०१६मध्ये अॅनफिल्डवर ठळकपणे दिसला. नव्या स्टँडमधील सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचे असेल, असे लिव्हरपूलने जाहीर केले होते. सुंदरलँडविरुद्धच्या सामन्यात ७७व्या मिनिटाला हजारो चाहते उठून निघून गेले. तेव्हा लिव्हरपूल २-० असे पुढे होते. सामना २-२ असा बरोबरीत सुटला. काही दिवसांतच क्लबच्या मालकांनी माफी मागून तो दर मागे घेतला. पुढच्या मोसमापासून प्रीमियर लीगने पाहुण्या चाहत्यांच्या तिकिटावर ३० पौंडांची कमाल मर्यादा घातली. पाहुणे अधिक का गातात, याचे अर्धे उत्तर इथेच आहे. त्यांचे तिकीट तुलनेने स्वस्त असते, ते एकाच कोपऱ्यात एकत्र असतात आणि मुळात दूरचा प्रवास करून गाण्यासाठीच आलेले असतात.

जर्मनीत वेगळे काय?

जर्मनीने आसनांची सक्ती देशांतर्गत सामन्यांना लावली नाही. डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडमध्ये आजही सुमारे २५ हजार लोक उभे राहतात. हीच ती प्रसिद्ध ‘पिवळी भिंत’. उभ्या जागांचे मोसमी पास इंग्लंडच्या तुलनेत बरेच स्वस्त आहेत. त्यामुळे विद्यार्थी आणि कामगार मैदानावर टिकून राहिले. बहुतेक क्लबांत मतांचे बहुमत सदस्यांकडे ठेवणारा ‘५० अधिक १’ हा नियमही तिथे आहे. चाहत्यांना दुखावणारा निर्णय घेताना क्लबला त्यामुळे दोनदा विचार करावा लागतो.

हा आवाज कोणाच्या मालकीचा आहे, हे चाहत्यांनी २०१२च्या अखेरीस दाखवून दिले. लीगने आणलेल्या सुरक्षा आराखड्याच्या निषेधार्थ देशभरातील मैदानांवर प्रेक्षक पहिली १२ मिनिटे १२ सेकंद पूर्ण गप्प राहिले. आराखड्यावरील मतदानाची तारीख १२ डिसेंबर होती, म्हणून हा आकडा. भरलेल्या मैदानावर चेंडूला लागणारी लाथ ऐकू येत होती. घोषणांपेक्षा ती शांतता अधिक बोलकी ठरली.

इंग्लंडमध्ये उभे राहणे पुन्हा कसे आले?

आसने आली तरी गोलपोस्टमागचे अनेक चाहते उभेच राहत. पुढच्या रांगेवर तोल जाऊन पडण्याचा धोका त्यात होता. त्यावर तोडगा निघाला तो कठड्याच्या आसनांचा. प्रत्येक रांगेत कमरेच्या उंचीचा मजबूत कठडा आणि त्याला जोडलेले दुमडता येणारे आसन. जानेवारी २०२२मध्ये चेल्सी, मँचेस्टर सिटी, मँचेस्टर युनायटेड, टॉटनहॅम आणि कार्डिफ या पाच क्लबांत हा प्रयोग सुरू झाला. त्या वर्षीच्या नव्या मोसमापासून निकष पाळणाऱ्या इतर क्लबांनाही परवानगी मिळाली. यात एक अट महत्त्वाची आहे : एका आसनाच्या जागी एकच माणूस. त्यामुळे प्रेक्षकसंख्या वाढत नाही आणि जुन्या स्टँडमधली रेटारेटीही परत येत नाही. हिल्सबरोमध्ये आप्त गमावलेल्या कुटुंबांपैकी काहींचा उभे राहण्याला विरोध होता, तर काहींनी कालांतराने मत बदलले. इंग्लंडमध्ये हा विषय केवळ उत्साहाचा कधीच नव्हता. त्यामुळेच निर्णयाला तीन दशके लागली.

हजारो लोक एका सुरात गातात कसे?

यात थोडे भौतिकशास्त्र आहे. ध्वनीला शंभर मीटर अंतर कापायला सुमारे ०.३ सेकंद लागतात. त्यामुळे एका गोलमागे सुरू झालेले गाणे समोरच्या टोकाला पोहोचेपर्यंत अर्धा ठोका मागे पडलेले असते. दोन्ही टोकांना एकाच वेळी गायला लावले, की गोंगाट होतो. गाणे सुरू व्हायला एका जागी दाटीने उभा असलेला गट, त्याला ताल देणारा ढोल आणि पुढची ओळ उचलून देणारा म्होरक्या लागतो. भजनात टाळकऱ्यांचे जे काम, तेच इथे. जर्मनी आणि इटलीत हा म्होरक्या मैदानाकडे पाठ करून कठड्यावर उभा असतो. सामना त्याला फारसा दिसतच नाही. लंडनमधील क्रिस्टल पॅलेस क्लबच्या चाहत्यांनी २००५मध्ये ‘होम्सडेल फॅनॅटिक्स’ हा गट उभारून ही पद्धत इंग्लंडमध्ये रुजवली. छोट्या क्लबचे हे मैदान देशातील बोलक्या मैदानांत गणले जाऊ लागले.

मैदानाची रचनाही मदत करते किंवा मारते. तीव्र उताराचे, खेळपट्टीला चिकटलेले स्टँड आणि आवाज खाली परतवणारे छत असेल, तर थोडे लोकही मोठे वाटतात. टॉटनहॅमने २०१९मध्ये सुरू केलेल्या नव्या मैदानात १७ हजार ५०० जणांचा एकसंध दक्षिण स्टँड उभारला, तो हाच विचार करून. त्याउलट वेस्ट हॅम २०१६मध्ये लंडनच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये गेला, तेव्हा प्रेक्षक आणि मैदान यांच्यातील अंतराबद्दल चाहत्यांची तक्रार सुरू झाली. ती अजून शमलेली नाही.

क्लबने स्वतः वातावरण तयार करता येते का?

काही प्रमाणात येते. लेस्टरने २०१५-१६च्या विजेतेपदाच्या मोसमात आसनांवर पुठ्ठ्याचे टाळीपंखे ठेवले. आवाज वाढला, पण असल्या साधनांना चाहत्यांत कायम नाके मुरडली जातात. हात वाजतात आणि तोंड बंद राहते, हा त्यांचा आक्षेप. गोलनंतर लागलीच लाउडस्पीकरवर गाणे लावण्याबाबतही हीच तक्रार असते, कारण त्यात चाहत्यांचे स्वतःचे गाणे बुडते.

आर्सेनलचा अनुभव वेगळा आहे. एकेकाळी या क्लबच्या मैदानाला ‘ग्रंथालय’ म्हणून हिणवले जाई. २०२२पासून उत्तर लंडनच्याच लुई डनफर्ड या गायकाचे गाणे सामन्याआधी वाजवले जाऊ लागले आणि साठ हजार लोक ते उचलू लागले. गाणे त्याच गल्ल्यांतले होते आणि तरुण चाहत्यांच्या गटाला क्लबने एकत्र जागा दिली होती, म्हणून ते टिकले. अॅनफिल्डवरील ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ हे गीतही १९४५च्या एका अमेरिकी संगीतिकेतले. १९६३मध्ये ते लिव्हरपूलच्याच गेरी अँड द पेसमेकर्सने गायले आणि कॉपने ते आपलेसे केले. गाणे कुठून आले याला महत्त्व नसते, ते कोणी उचलले याला असते.

गर्दीच्या आवाजाला दुसरी बाजूही आहे. वर्णद्वेषी घोषणा आणि प्रतिस्पर्ध्यांच्या दुर्घटनांची टर उडवणारी गाणी याच स्टँडमधून येतात. दुर्घटनांवरील अशा गाण्यांसाठी इंग्लंडमध्ये आता मैदानबंदी आणि खटल्याचीही तरतूद आहे. गटाला जागा देताना त्याची जबाबदारीही ठरवून द्यावी लागते.

महाराष्ट्रासाठी यात काय आहे?

जून २०१८मध्ये मुंबईत अंधेरीच्या मैदानावर भारताने चिनी तैपेईला ५-० असे हरवले, तेव्हा अवघे २,५६९ प्रेक्षक होते. कर्णधार सुनील छेत्रीने चित्रफितीतून मैदानावर येण्याचे आवाहन केले आणि केनियाविरुद्धच्या पुढच्या सामन्याची तिकिटे संपली. आवाहनाने एक सामना भरतो, सवय मात्र लागत नाही.

ती सवय पाहायची तर कोल्हापूरला जावे लागते. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा अशा तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात, तेव्हा पेठाच्या पेठा तिथे लोटतात. तिथे टाळीपंखे वाटावे लागत नाहीत. खेळणारा मुलगा गल्लीतला असतो, तिकीट परवडणारे असते आणि तालमीची पोरे एकत्र बसतात. या ईर्ष्येतून हाणामारीचे प्रसंगही घडले आहेत आणि पोलीस बंदोबस्त हा तिथल्या मोसमाचाच भाग आहे. तेवढे सोडले, तर युरोपातील क्लब लाखो पौंड खर्चून जे परत मिळवू पाहत आहेत, त्याचे तिन्ही घटक तिथे आधीच आहेत : आपला संघ, परवडणारी जागा आणि सोबतीला ओळखीची माणसे. मुंबई-पुण्यात व्यावसायिक फुटबॉल रुजवू पाहणाऱ्यांनी लाउडस्पीकरचा आवाज वाढवण्याआधी गोलपोस्टमागचा एक स्टँड स्वस्त करून तो गाणाऱ्यांच्या हवाली करून पाहावा.